गवताच्या गाडीवरचं वजन

खडवलीपासून कल्याणच्या टेसनापर्यंत माझ्यावाचून गवताची गाडी हलत नव्हती. हलत नव्हती म्हंजे, मी तिच्या एका अंगाला पोत्यासारखा लटकलो नाही तर ती दुसऱ्या अंगाला पडायची. तेही आमच्या एकाच गाडीचं सांगतोय. बाकीच्या गाड्यांनी आपापली पोती ठेवलेली.

मला अक्षर येत नाही. शाळेत मी एकदाच गेलेलो, छपरावर पेंढा घालायला, आणि छपरातून खाली मास्तरांच्या पुढ्यात आलो. तेव्हा मी बोलतो आणि लिहिणारा लिहितो. सांगायचंय ते माझ्या मेवण्याच्या पायाचं. मध्ये माझं पोट येईल, त्याला इलाज नाही. ते सगळीकडं मध्येच यायचं.

त्या वेळी मुंबईत ट्रामगाड्या घोडे ओढायचे. साहेबांच्या बग्ग्यांना घोडे, फौजेला घोडे. एवढे घोडे खाणार काय? मुंबईत गवत उगवत नाही. ते आमच्याकडं डोंगराच्या अंगावर, माळावर, माणसाच्या छातीएवढं. दिवाळी झाली, भात कापून झालं, की माळ कापायला घ्यायचा, पेंढ्या बांधायच्या, गाडीत रचायच्या आणि कल्याणला टेसनाजवळच्या वखारीत नेऊन टाकायच्या. तिथून पुढं ते आगगाडीत बसून जायचं. आम्ही कधी बसलो नाही, गवत बसायचं.

माळ ते सडक, यात रस्ता नव्हता. कापलेली शेतं, शेतांचे बांध, मध्ये सुके ओहळ. रस्ता म्हणून जी होती ती पुढच्या गाडीची चाकोरी, आणि पुढची गाडी जिथं पडली तिथं ती चाकोरीही संपायची. गवत वजनाला हलकं, म्हणून रचायचं उंच. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. त्यावर एक लांब वासा आडवा टाकून दोरखंडानं आवळायचा. अशी गाडी बांध चढायला लागली की एक चाक बांधावर, एक चाक शेतात, आणि वरचा सगळा डोलारा शेताकडं झुकायचा. तेव्हा माणूस लागतो. तो वरच्या बाजूनं दोरखंड धरतो, साट्याच्या, म्हंजे गाडीच्या लाकडी चौकटीच्या, कडेवर पाय रोवतो आणि बाहेरच्या अंगाला मागं झुकून लटकतो. बांध ओलांडला की उतरतो, पुढच्या बांधाला पुन्हा चढतो. याला अक्कल लागत नाही, वजन लागतं. म्हणून मला घेतलेलं.

गाडी हाकायचा माझा मेवणा, बायकोचा धाकटा भाऊ. अंगानं काडी. बोलायचा कमी, ते बरंच होतं, मी दोघांचं बोलायचो. बांध आला की तो धुरेवरून खाली उतरायचा आणि खालच्या बाजूनं चालायचा, एक हात बैलाच्या पाठीवर, डोळा खालच्या चाकावर. हाकणाऱ्यानं खालच्याच बाजूला चालायचं, अशी आमच्याकडं रीत. चाक कुठं रुततंय ते त्याला तिथूनच दिसतं. रीत बरोबर आहे. फक्त गाडी पडली तर वरच्या बाजूचा माणूस गवतावर पडतो. खालच्या बाजूच्या माणसावर गवत पडतं, आणि गवताच्या मागून गाडी.

गाड्या पडायच्या. दर हंगामाला पडायच्या. आमच्या गावात एकाची मान अशी बसलेली की तो कायम आभाळाकडंच बघायचा. मी त्याला विचारलेलं, "काय रे, वर पाऊस दिसतो का?" सगळे हसले. तोही हसला असेल. तोंड वर होतं, दिसलं नाही. दुसऱ्या एकाचा हात खांद्यापासून लोंबायचा, बाजारात जाताना त्याची बायको तो त्याच्या कमरेत खोचून द्यायची. कुणी कुणाला बोल लावत नव्हतं. वखारीचा मुकादम विचारायचा, "बैल बरे हायत ना?" आणि दुसऱ्या दिवशी दुसरा हाकणारा यायचा.

माझ्या सासऱ्यानं मला मुलगी दिली ती माझं पोट बघून. त्याला वाटलं, ज्याचं पोट एवढं त्याच्या घरी कणगी केवढी असेल. कणगी होती. तिच्यात मांजर व्यायची. लग्नानंतर सासू आमच्या घरात आली, कणगीत वाकून बघितलं, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हंजे सगलं हितं हाय व्हय?" आणि माझ्या पोटाकडं बोट. भात लावायला मी चिखलात उतरलो की दोघे माझ्या मागं लागायचे, एकजण लावायला आणि एकजण मला उपटायला. म्हणून मेवण्यानं मला गाडीवर घेतलं. गाडीला चालेल असं वजन मी, दुसऱ्या कशाला चालत नव्हतो.

पण एका गोष्टीत माझा मान होता. गवत रचणारे प्रत्येक गाडीला किती थर द्यायचे ते लटकणाऱ्या माणसाकडं बघून ठरवायचे. बारक्या माणसाची गाडी ठेंगणी. माझी गाडी उंच. सगळ्यांपेक्षा एक थर जास्त. लांबून माळावरून गाड्यांची रांग उतरताना दिसली की बाया म्हणायच्या, ती बगा जाड्याची गाडी. हाकणारा मेवणा, बैल मेवण्याचे, गवत वखारवाल्याचं, आणि गाडी जाड्याची. एवढा मान पोटाला कुणी दिला नसेल.

त्या वर्षी भात कापताना मला हिवताप आला. असा आला की खाट अंगणभर चालायची. बायको म्हणाली, "शेजारनीचा पाळना बांधू का खाटेला? पोर तरी झोपंल." ताप जायचा, यायचा, पुन्हा जायचा. काढे पिऊन तोंड कडू, खाल्लं ते बाहेर. शेवटी उठलो तेव्हा धोतर अंगाभोवती दोनदा फिरलं आणि तरी उरलं. गालाची कातडी लोंबायला लागलेली. आमच्या कुत्र्यानं मला ओळखलं नाही, भुंकलं. मी म्हटलं, बरोबर आहे, अर्धा मालक कुठं गेला म्हणून विचारतंय.

तरी गाडीवर गेलो. घरी बसून काय करणार, हंगाम चालू होता.

माळावर रचणारे होते तेच. त्यांनी मला बघितलं, "आयला रे जाड्या, जगलास का," म्हणाले, आणि रचायला लागले. एक थर, दुसरा थर, आणि वरचा तो माझा थर. कुणाला वाटलं नाही. रचणाऱ्यांना वाटलं नाही, मेवण्याला वाटलं नाही, बैलांना वाटायचं काही कारण नाही. मलाही वाटलं नाही. डोळ्यासमोर माणूस उभा, हाडं दिसतायत, आणि सगळ्यांच्या मनात जाड्याच. मी स्वतः माझ्या मनात जाडाच होतो. उलट तो थर चढताना बघून मला बरं वाटलं. म्हटलं, तापानं सगळं नेलं, हे नाही नेलं.

पहिले बांध निघाले. मी लटकायचो, धापा टाकायचो, उतरायचो. मेवणा एकदा म्हणाला, "दाजी, दमलाव काय?" मी म्हटलं, "मी नाय रे, गाडी दमली मना उचलून." तो हसला. जरासाच, एका बाजूनं. तो तसाच हसायचा. ते हसू मला आजपण दिसतं, म्हणून सांगितलं.

खडवलीच्या अलीकडं एक ओहळ होता. त्याच्या काठाला जुना उंच बांध, बांधाला गाड्यांनी पाडलेली खिंड. खिंडीत वरचं चाक चढलं. मी लटकलो, मागं झुकलो. एरवी मी झुकलो की गाडी कुरकुर करत बसायची, जशी म्हातारी पाटावर बसते. या वेळी बसली नाही. माझ्या पायाखालचं चाक जमीन सोडून वर यायला लागलं. हळूहळू. पालखीत बसल्यासारखा मी वर वर चाललो. आणि मी काय केलं? मेवण्याला ओरडून सांगायचं सोडून मला आधी हसू आलं. मग ओरडलो. तोपर्यंत माळ खाली, आभाळ बाजूला, आणि मी गाडीच्या डोक्यावरून पलीकडं.

मी गवतावर पडलो. मला कुसळं टोचली. बास. एवढंच लागलं मला.

उठून बसलो तर वरचं चाक आभाळाकडं तोंड करून फिरत होतं. एक बैल पडलेला, जू त्याच्या मानेत पिळलेलं, तो घशातून आवाज काढत होता. मागच्या गाडीचे दोघे धावत आले. त्यांनी आधी बैलाचं जोत कापलं. मला राग आला नाही, रीतच तशी. मग आम्ही गवत उपसायला लागलो. पेंढ्या, पेंढ्या, पेंढ्या. माझा तो वरचा थर सगळ्यात बाहेर सांडलेला, तो सगळ्यात आधी उपसला. मेवण्याचा आवाज नाही. मी हाका मारत होतो आणि हाकेत पण बाष्कळपणा करत होतो, "अरे झोपलास काय, उठ, गवत मुंबईला जायचंय," असलं काहीतरी. माझं तोंड मला न विचारता चालतं.

मग त्याचा चेहरा निघाला. डोळे उघडे. म्हणाला, "बैल बगा."

साट्याचं लाकूड त्याच्या मांडीवर आलेलं आणि त्याच्या खाली पाय असा होता की तो पाय त्याचाच आहे असं वाटेना. गाडी उचलायला माणसं लागली. मी पण हात लावला. एक माणूस म्हणाला, "तू बाजूला हो रे, तुज्यात काय हाय?" तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी बोललं की माझ्यात काही उरलं नाही. दुपारपर्यंत कुणाला दिसलं नव्हतं.

गाडी सरळ केली. त्याच गाडीत थोडं गवत पसरून त्याला त्याच बांधांवरून घरी आणला. दुसरी वाट नव्हती. प्रत्येक बांधाला तो दात आवळायचा. मी वरच्या बाजूनं चालत होतो, लटकायला आता काही नव्हतं, तरी हात दोरखंडालाच.

हाड बसवणारा एक म्हातारा होता, डोंगराकडच्या पाड्यावरचा. त्यानं पाय ओढला, बांबूच्या कांब्या लावल्या, पाला वाटून बांधला. जाताना म्हणाला, "हाड बसंल. मांसाचं मना सांगता येत नाय." आम्ही हाड बसंल एवढंच ऐकलं. सासू रोज सांगायची, हाड बसंल. मेवणा रोज विचारायचा, "माळ कवरा रायला? शेवटच्या गाड्यांना तरी मी असंन ना?" त्याला दुसरं काही नको होतं. त्याला गाडीवर चढायचं होतं. त्याला जमीन नव्हती, दुसरं काम येत नव्हतं, बायको अजून आणायची होती. बैल आणि तो, एवढंच घर.

मी रोज जायचो, खाटेजवळ बसायचो, हसवायचो. त्याला सांगायचो, मुकादमानं नवा माणूस घेतलाय लटकायला, तो माझ्यापेक्षा जाड, पण अक्कल माझ्याएवढीच, म्हंजे जोडी जुळली. खोटं होतं. घेतला होता तो हाकणारा.

मग वास यायला लागला. आधी सासूनं धूप घातला. मग बोटं काळी झाली. म्हाताऱ्याला पुन्हा आणला, त्यानं दारातूनच बघितलं आणि पाणी पण न पिता गेला.

खाडीवरचा एक किरिस्ताव माणूस आमच्याकडं सुकी मासळी घेऊन यायचा, कळव्याच्या बाजूचा. त्यानं वास घेतला आणि टोपली खाली ठेवली. म्हणाला, "ठाण्याला न्या याला. सरकारी इस्पितळात डागदर हाय, कापतो. माझ्या भावाचा हात कापला, तो जेवतो आता, जाळी पन विणतो." सासू म्हणाली, "हात गेला तर जाळं विणता येतं. पाय गेल्यावर गाडीवाला काय विणंल?" मी बोललो असतो तर काहीतरी विनोदच बोललो असतो.

मेवणा खाटेवरून म्हणाला, "कापायचा नाय."

"मरशील," बायको म्हणाली. माझी बायको, त्याची बहीण.

"मरंन. पन गाडीवाला मरंन."

दोन दिवस असंच गेलं. त्याला ताप चढला, बडबडायला लागला, बैलांना नावानं हाका मारायला लागला. मग बायकोनंच ठरवलं. म्हणाली, "त्याला इचारू नका आता. उचला." कल्याणच्या खाडीपर्यंत गाडीनं, तिथून त्या किरिस्ताव माणसाच्या होडीत, ओहोटी धरून, आम्ही खाडीनं ठाण्याला गेलो. दोन्ही बाजूला तिवरं, पाणी गढूळ, बगळे उभे. तो माणूस वल्हं मारताना कसलंसं देवाचं गुणगुणत होता. बायको भावाच्या डोक्यावर पदराची सावली धरून बसलेली. वाटेत मेवण्याला शुद्ध आली, त्यानं खाडी बघितली, आम्हाला बघितलं, आणि तोंड फिरवलं. त्याला कळलं कुठं चाललोय. तेव्हापासून तो बोलला नाही.

इस्पितळात डागदरानं बघितलं, आधी का नाही आणलं म्हणून विचारलं, उत्तराला थांबला नाही. आत नेलं. मला म्हणाले, घरचा पुरुष कोण, आत उभा राहा, शुद्धीवर आला तर ओळखीचं तोंड दिसू दे. मी उभा राहिलो. गुंगीचं औषध त्याच्या नाकाला लावलं, आणि करवत बघून आडवा झालो मी. शुद्धीवर आलो तर मी बाहेर ओसरीवर, तोंडावर पाणी, आणि इस्पितळाचा एक शिपाई म्हणत होता, "हा कुणाचा रोगी?" ओळखीचं तोंड म्हणून ठेवलेलं, ते तोंड जमिनीवर होतं. आतलं सगळं झालेलं. मांडीपासून खाली काही नव्हतं.

तो जगला. लोक म्हणाले, जगला, देवाची कृपा. मी पण म्हणायचो. घरोघर सांगायचो, बघा, जगला. जणू मीच जगवला.

घरी आणला, ओटीवर बसवला. आणि ओटीसमोरून गाड्या जायच्या. हंगाम संपत आलेला, शेवटच्या गाड्या. त्याचे बैल सासऱ्यानं वखारीला भाड्यानं दिलेले, नवा हाकणारा ते घेऊन यायचा. घर आलं की बैल थांबायचे. आपोआप. रोजच्या जागी. नवा माणूस चाबूक घालायचा, बैल हलायचे नाहीत, आणि मेवणा ओटीवर बसून बघायचा. एक दिवस त्यानं बसल्या जागेवरून जिभेनं चक् चक् केलं, हाकताना करायचा तसा, आणि बैल चालायला लागले. नवा माणूस म्हणाला, "बरं झालं." त्यानंतर मेवणा ओटीवर बसेना. आत खाटेवर, भिंतीकडं तोंड करून.

माझी बायको भांडायची, रडायची, त्याला दोन घास भरवायची. सासू म्हणायची, "माजंच चुकलं, कापू द्यायला नको होता." कधी म्हणायची, आधी कापायला हवा होता. सासरा बैलांकडं जाऊन बसायचा. प्रत्येकजण काहीतरी करत होता. मला काय येतं? मी आपलं जे येतं ते घेऊन जायचो. रोज एक नवीन. मास्तराच्या छपराचं सांगितलं, कणगीतल्या मांजरीचं सांगितलं, इस्पितळात मी कसा आडवा झालो ते तर पुन्हा पुन्हा, आवाज काढून, हातवारे करून. घरातली पोरं हसायची. सासूपण कधी पदर तोंडाला लावून हसायची. तो डोळे मिटून पडलेला असायचा. मी म्हणायचो, ऐकतोय. मला वाटायचं, एकदा तो तसा एका बाजूनं हसला, की उठेल. कुबडी घेईल, गोठ्यापर्यंत जाईल, काहीतरी करेल. मला त्याचं हसू पाहिजे होतं. माझ्यासाठीच पाहिजे होतं, दुसऱ्या कशासाठी?

शिमग्याच्या आधीची गोष्ट. मी गेलो, खाटेच्या पायथ्याशी बसलो, त्या बाजूला आता जागा खूप होती, तेही मी बोलून दाखवलं. कुणी हसलं नाही. मग मी एक मोठा किस्सा सुरू केला, माझाच, मी चिखलात कसा रुतलो आणि मला काढायला बैल जुंपले आणि जू मोडलं पण मी निघालो नाही. हात हलवत, आवाज काढत. बायको दारात उभी होती, ती म्हणाली, "पुरे करा की." मी पुरं केलं नाही. किस्सा संपवला आणि त्याच्याकडं बघितलं.

त्यानं डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी सरळ माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आला.

"दाजी," तो म्हणाला, "तुमी आयलाव की मना झोपेचं सोंग घ्यावं लागतं. उद्या नका येव."